घरातला दिवा आणि आखिरतचा हिशेब



आमच्या नांदगाव खंडेश्वरात मे महिना म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात. जोहरच्या नमाजला येणारी माणसे डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन भिंतीच्या सावलीने येतात. नवतपा संपेपर्यंत कूलर आणि पंखा यांना उसंत नसते. मग जून उजाडतो, पेरणीचा खर्च समोर उभा राहतो आणि नेमक्या त्याच वेळी उन्हाळ्याचे वीजबिल दारात येते. गेल्या उन्हाळ्यात मशिदीच्या ओट्यावर बसून तीन-चार जणांनी आपापली बिले माझ्यापुढे ठेवली. त्यातला एक म्हणाला, “मौलाना, काई वजीफा सांगा, बिल कमी होईल असा.” सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र मनात आले की या प्रश्नाचे उत्तर आपल्या दीनमध्ये आहे. ते वजीफ्यात नाही, वर्तनात आहे. त्या उत्तरासाठीच हा लेख.

गार पाण्याचाही हिशेब

सूरह अत्-तकासुरच्या अखेरच्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की त्या दिवशी प्रत्येक नेमतीविषयी आपल्याला विचारले जाईल. या आयतीचा अर्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रसंगी स्वतः उलगडून दाखविला. भुकेमुळे ते घराबाहेर पडले होते. हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) हेही त्याच कारणाने बाहेर आले होते. तिघे एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. त्या सहाबींनी खजुरा, मांस आणि गोड पाणी पुढे ठेवले. पोटभर जेवण झाल्यावर प्रेषितांनी (स.) सोबत्यांना सांगितले की या नेमतींविषयीही कयामतच्या दिवशी विचारणा होणार आहे. एका रिवायतीत तर थंड सावली आणि गार पाणी यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

वाचकहो, कितीतरी वेळच्या भुकेनंतर मिळालेल्या एका जेवणाविषयी ही गोष्ट सांगितली गेली. आपल्याला थंड सावली आणि गार पाणी बटन दाबताच मिळते. मग आपला हिशेब किती लांबलचक असेल, याचा विचार करावा. तिर्मिजीच्या प्रसिद्ध हदीसप्रमाणे माणसाला संपत्तीविषयी दोन प्रश्न विचारले जातील: ती कोठून मिळविली आणि कशात खर्च केली? विजेचे बिल हा आपल्या खर्चाचा दर महिन्याला छापून येणारा लेखा आहे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदात दडलेली असतात.

ही वीज येते तरी कोठून? अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे. अमरावतीजवळ, आमच्या गावाच्या नावाशी नाव जुळणाऱ्या नांदगाव पेठ येथे १३५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. अशा केंद्रांत एक युनिट वीज तयार करायला अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो आणि पाणीही लागते. नांदगाव पेठच्या प्रकल्पाचे पाणी ऊर्ध्व वर्धा धरणातून येते. सिंचनाचे पाणी विजेकडे वळविण्यावरून शेतकऱ्यांनी केलेली आंदोलने या जिल्ह्याने पाहिली आहेत. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्यामागे कोणाच्या तरी शेताचे पाणी आणि जमिनीच्या पोटातला कोळसा आहे, हे ध्यानात आले म्हणजे तो पंखा बंद करायला उठणे जड जात नाही.

बी फेकणे आणि बी पेरणे

कुरआनने उधळपट्टीसाठी दोन शब्द वापरले आहेत. एक ‘इसराफ’ आणि दुसरा ‘तब्जीर’. जी गोष्ट जायज आहे, तिच्यात मर्यादा ओलांडणे म्हणजे इसराफ. सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मोकळीक दिल्यावर लगेच याच इसराफची मनाई आली आहे. जेथे खर्च करायलाच नको, तेथे तो उधळणे म्हणजे तब्जीर. असे करणाऱ्यांना सूरह बनी इस्राईलच्या २७ व्या आयतीत शैतानाचे भाऊ म्हटले आहे.

‘तब्जीर’ या शब्दाचे मूळ शेतकऱ्याला लगेच समजेल. अरबीत ‘बज्र’ म्हणजे बी, आणि तब्जीर म्हणजे बी वाटेल तसे विखरून टाकणे. सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी किती महाग आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तो ती पांदणीत उधळील काय? तो तिफणीच्या सरत्यातून एकेक दाणा ओळीत सोडतो. खर्च तर दोघांचाही होतो. एकाचे बी उगवते आणि दुसऱ्याचे पाखरे टिपतात. घरातला पैसाही असाच सरत्यातून सोडायचा असतो.

येथे दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे. सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या दासांचे वर्णन करताना म्हटले आहे की ते खर्च करताना उधळत नाहीत आणि हातही आखडत नाहीत. या दोहोंच्या मधली वाट धरतात. म्हणून बचतीच्या नावाखाली मे महिन्याच्या दुपारी म्हाताऱ्या वडिलांचा कूलर बंद करणे, बाळंतिणीच्या खोलीतला पंखा थांबविणे, पाहुणा आला असता कंजुषी दाखविणे, ही दीनदारी नव्हे. गरज भागविण्यात इसराफ नाही. गरज संपल्यावरही जे चालू राहते, तो इसराफ आहे.

हजरत सअद (रजि.) वुजू करीत असता प्रेषितांनी (स.) त्यांना जास्त पाणी वापरण्यावरून टोकले आणि वाहत्या नदीच्या काठी असलात तरी उधळपट्टी ती उधळपट्टीच, असे समजावले, ही इब्ने माजामधील रिवायत आपण ऐकली असेल. तिच्या सनदविषयी मुहद्दिसांनी दुर्बलता नोंदविली आहे. पण तिचा आशय बुखारीच्या सहीह हदीसने पक्का होतो. हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे मध्यम माणसाच्या दोन्ही हातांची एक ओंजळ भरेल एवढे माप. आपण नळ सोडून, मोटारीने चढविलेले किती पाणी एका वुजूत वाहू देतो, ते एकदा नळाखाली भांडे ठेवून पाहावे. मी पाहिले, आणि मला माझीच लाज वाटली.

आधी बिल वाचावे

आता कामाकडे येऊ. बहुतेक घरांत बिलाची फक्त रक्कम पाहिली जाते. रकमेबरोबर युनिट पाहावेत. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि दुसऱ्या टप्प्याचा १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे. दर बदलत असतात, म्हणून आपले ताजे बिल पाहावे. पण शंभराच्या पुढचे युनिट महाग, ही रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक उदाहरण घेऊ. एका घरात महिन्याला १४० युनिट लागतात. वरील दराने पहिल्या १०० युनिटांचे, शुल्क धरण्यापूर्वी, ५८८ रुपये होतात. उरलेल्या केवळ ४० युनिटांचे ४५८ रुपये होतात. म्हणजे बचतीला सुरुवात वरच्या ४० युनिटांपासून होते, आणि तेथे वाचविलेला प्रत्येक युनिट, शुल्क धरून, तेरा रुपयांच्या आसपास पडतो.

माझी एक विनंती आहे. दर जुम्याला फजरच्या नमाजनंतर मीटरवरचा आकडा वहीत लिहावा. चार जुम्यांत कळेल की कोणत्या आठवड्यात किती वापर झाला. ज्या घरात मुले आहेत, तेथे हे काम मुलांकडे द्यावे. बिलावर ओरडणाऱ्या बापापेक्षा वहीत आकडा लिहिणारे मूल घरातले दिवे अधिक विझविते, हा माझा अनुभव आहे.

कोठे किती जाते

छताचा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. नव्या बीएलडीसी पंख्याला ३० वॅट पुरतात आणि वारा तेवढाच लागतो. दिवसाचे १६ तास धरले तर जुना पंखा महिन्याला ३६ युनिट खातो आणि नवा साडेचौदा. असे दोन पंखे बदलले की वर सांगितलेले ४० युनिट गेलेच म्हणून समजा. पंख्याची किंमत अडीच-तीन हजारांच्या घरात आहे. दोन्ही एकदम जमत नसतील, तर जो पंखा सर्वांत जास्त वेळ चालतो, तो आधी बदलावा. साध्या ६० वॅटच्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी आणि चोकच्या जुन्या ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी ट्यूब, हा बदल तर आणखी स्वस्त आहे.

कूलर ही वऱ्हाडावर अल्लाहची मेहरबानी आहे. आपली उष्णता कोरडी असल्याने पाण्याच्या बाष्पाने हवा झपाट्याने गार होते. मध्यम कूलर पंपासह २०० वॅटच्या आसपास घेतो. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटपर्यंत जातो. ज्याच्या घरी एसी आहे, त्याने तो २४ अंशांवर ठेवावा. एक अंश वाढविला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. कूलर मात्र खिडकीत, बाहेरची हवा ओढील असा बसवावा आणि समोरची एखादी खिडकी किंवा दार उघडे ठेवावे. बंद खोलीत कूलर लावला की दमटपणा वाढतो, गारवा येत नाही आणि वीज फुकट जाते. वाळ्याच्या ताट्या दरवर्षी बदलाव्यात. पाऊस सुरू झाला की पंप बंद करावा. आणि एक कळकळीची सूचना: कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढावा, अर्थिंग तपासून घ्यावे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या झटक्याने जीव जातात. जीव ही सर्वांत मोठी अमानत आहे.

फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये. गरम भांडे त्यात ठेवू नये. दाराच्या रबरात कागद धरून ओढून पाहावा. सहज निघाला तर गारवा बाहेर जात आहे. इस्त्री रोज एका सदऱ्यासाठी तापवू नये, आठवड्याचे कपडे एकदम करावेत. गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातो. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेतच राहतो. चोवीस तासांचे धरले तर महिन्याला आठ-नऊ युनिट होतात. त्याचे बटन भिंतीवरच बंद करावे.

टिल्लू पंपाविषयी थोडे वेगळे बोलायचे आहे. नळाला पाणी आले की थेट नळालाच पंप लावून ओढण्याची रीत अनेक गावांत पडली आहे. त्यात विजेचा खर्च आहेच, पण त्याहून गंभीर म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरी थेंबही पोहोचत नाही. ज्या दीनने शेजाऱ्याच्या हक्काची एवढी ताकीद केली, त्या दीनचा माणूस शेजाऱ्याच्या वाटचे पाणी ओढून त्याच पाण्याने वुजू करतो, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

रात्रीच्या दिव्याविषयी तर सरळ प्रेषितांचा (स.) आदेशच आहे. झोपताना दिवे विझवावेत, दारे लावावीत, भांडी झाकावीत, अशी शिकवण बुखारीत आली आहे. त्या काळी उंदराने वात ओढून घराला आग लागण्याचे भय होते. आज वात नाही, पण चार्जर आणि जुनी वायर आहे. झोपण्यापूर्वी घरातून एक फेरी मारून बटने बंद करणे ही सुन्नतच्या नियतीने केलेली कृती ठरेल, बिल कमी होईल तो नफा वेगळा.

आकडा

आता जी गोष्ट लिहिण्यासाठी हा लेख हाती घेतला, तिच्याकडे येतो. मी हे लिहावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी इमाम होतो. गावाचे नाव सांगत नाही. रमजानच्या तिसऱ्या अशऱ्यात जुम्याच्या बयानात मी इसराफवर बोललो. अन्नाचे बोललो, कपड्यांचे बोललो, विजेचेही बोललो. नमाजनंतर एक हमाली करणारा माणूस थांबून राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, “मौलाना, आमच्या घरी आकडा हाये. बिल थकलं, लाइन कापली, तवापासून. रोजे कबूल व्हतीन का?”

मी त्याला मसला सांगितला. रोज्याचे फर्ज अदा होते, कबुली अल्लाहच्या हाती आहे. पण दुसऱ्याची वस्तू परवानगीवाचून वापरणे हराम आहे, आणि हक्कुल इबाद तौबा करून माफ होत नाही, तो परत करावा लागतो. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने वर पाहिले आणि विचारले, “मंग शबे-कद्रले मशिदीवर जे झालर लावता, तिचा वायर कुठून येते?”

मीही वर पाहिले. मिनारावरून सुटलेली वायर गल्ली ओलांडून खांबावर गेली होती. त्या रोषणाईखाली मी किती तरी रात्री बयान केले होते. ती वायर कोठून येते, हे मी एकदाही विचारले नव्हते.

त्या दिवशी असरनंतर मी विश्वस्तांकडे गेलो. एक जण म्हणाला, “दोन-चार रात्रींचा तर प्रश्न आहे.” दुसरा म्हणाला, “सरकारचीच तर वीज आहे, आणि सगळेच करतात.” मी त्यांना खैबरचा प्रसंग सांगितला. लढाईहून परतताना एका सेवकाला बाण लागला. लोक म्हणाले, त्याला शहादत लाभली. प्रेषितांनी (स.) सांगितले की गनिमतच्या मालातून वाटणीपूर्वी त्याने उचललेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटली आहे. ते ऐकून एक माणूस चपलेचे एक-दोन बंद घेऊन परत करायला आला. तो मालही ‘सगळ्यांचाच’ होता. सार्वजनिक असणे हे तर अधिक भयाचे कारण आहे, कारण त्याचे हक्कदार अगणित असतात. चोरीला गेलेल्या विजेचा बोजा शेवटी दरातून प्रामाणिक ग्राहकांवर पडतो. शिवणयंत्र चालवून बिल भरणारी विधवाही त्यात असते. तिची माफी आपण कोठे शोधणार? सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी मापात खोट करणाऱ्यांविषयी जो इशारा आहे, तो मीटर मंद करणाऱ्यालाही लागू होतो. कायद्याच्या बाजूनेही २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बोलणे बरेच ताणले. अखेर झालर उतरली. सत्ताविसाव्या रात्री मशिदीत नेहमीचेच दिवे होते. काही नमाजी नाराज झाले, एकाने दोन महिने माझ्याशी सलामापलीकडे बोलणे ठेवले नाही. ज्याने प्रश्न विचारला, त्याच्या थकबाकीसाठी चार जणांनी मिळून कर्जे हसना दिले. त्याच्या घरी मीटर लागायला बकरी ईद उजाडली. मी त्याचा आभारी आहे. त्याला मी मसला सांगितला. पण मला वर पाहायला त्याने शिकविले.

म्हणून वाचकहो, ज्यांच्या घरी असे काही असेल, त्यांनी पहिली बचत येथून करावी. रीतसर जोडणीचा अर्ज करावा, थकबाकीचे हप्ते मागावेत. आतापर्यंत वापरलेल्या विजेचा अंदाजे हिशेब करून तो हक्क कसा चुकता करावा, हे जाणत्या आलिमांना विचारावे. आणि मोहल्ल्यात जो सधन आहे, त्याने कोणाच्या आकड्याकडे बोट दाखविण्याआधी त्याचे मीटर का कापले गेले, ते विचारावे.

वाचलेल्या पैशाचे काय?

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याविषयी प्रसिद्ध आहे की राज्यकारभाराचे काम संपून घरगुती बोलणे सुरू झाले की ते बैतुलमालच्या तेलाचा दिवा विझवून स्वतःचा दिवा लावीत. आपल्या मशिदी आणि मदरसे चंद्यावर चालतात. तेथील पंखा हा चंदा देणाऱ्याच्या पैशावर फिरतो. जमात पहिल्या दोन सफांत उभी असेल तर मागचे सहा पंखे कशासाठी? ही जबाबदारी मुअज्जिनवर सोडून देऊ नये.

मशिदींच्या समित्यांनी आणखी एक काम करता येईल. गरीब घरांना पंख्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि बिलात जेवढी बचत होईल, तेवढाच हप्ता दरमहा घ्यावा. त्या घरावर एका पैशाचा नवा भार पडत नाही. सौरऊर्जेचेही असेच. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे लहान घराची गरज भागते. उरलेल्या रकमेसाठी व्याजाचे कर्ज हाच एक मार्ग आहे असे समजू नये. भावाभावांनी, मित्रांनी बिनव्याजी भिशी करून पाळीपाळीने एकेका घरावर पॅनल बसविता येतील.

आणि बचत झाली की तिचा एक हिस्सा सदका म्हणून काढावा. महिन्याला दोनशे वाचले, तर वीस कोणाच्या तरी बिलात घालावेत. वापर कमी केल्याची खूण आपल्याच तिजोरीत नको, शेजारच्या अंधाऱ्या घरातही दिसावी.

आज रात्री झोपण्यापूर्वी बिस्मिल्लाह म्हणून एक बटन बंद करा. उद्या मीटर वाचा. आणि आपल्या घरात, आपल्या मशिदीत येणारी वायर कोठून येते, ते एकदा वर पाहून घ्या.

हे अल्लाह, आम्हाला तुझ्या नेमतींची कदर करण्याची तौफीक दे. आमच्या घरांतले दिवे हलाल कमाईने उजळू दे. आम्हाला उधळपट्टी आणि कंजुषी या दोहोंपासून वाचव. जाणूनबुजून वा अजाणता आमच्याकडून लोकांचे जे हक्क राहिले, ते या जगातच चुकते करण्याची ताकद दे. आणि कबरीच्या अंधारात आम्हाला तुझा नूर लाभू दे. आमीन.